शत्रूचा वांटा

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत मित्राविषयींच्या कर्तव्यांचा ऊहापोह विपुल सांपडतो. शत्रूविषयींच्या कर्तव्यांना मात्र दोनच कप्पे ठेवलेले दिसतात. एकांत क्षमा, दुसऱ्यांत दंड. साधूनें शत्रूला क्षमा करावी आणि राजानें त्याचा निःपात करावा, एवढें सांगून झालें कीं बहुतेक ग्रंथकार पुढच्या प्रकरणाकडे वळतात. शत्रूचा नाश करण्यास आपण पूर्ण अधिकारी आहों, तसें सामर्थ्यही हातीं आहे, क्षमा करण्याचा यत्किंचित् विचार नाहीं, आणि तरीही त्याच्यासाठीं एक वांटा राखून ठेवणें हें आपलें कर्तव्य आहे, असा तिसरा प्रकार संभवतो काय? हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथानें घातला नाहीं. तो एका शेतकऱ्यानें घातला. आणि तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकविण्यावर पोट भरीत असूनही मला त्या वेळीं त्याचें उत्तर देतां आलें नाहीं.

प्रसंग असा. यवतमाळ जिल्ह्यांत आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. वडील वारल्यावर ती माझ्याकडे आली, आणि मी शहरांत कॉलेजांत असल्यामुळें गांवच्याच एका वयोवृद्ध कास्तकारांकडे ती अर्ध्या बटईनें राहिली. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणतों; ते मला मास्तर म्हणतात. २००६ सालीं मृगापूर्वीं मी बियाणें घेऊन गांवीं गेलों होतों. त्या काळीं बीटी कपाशीच्या प्रत्येक पिशवीबरोबर एक लहान पुडी येत असे. पिशवींत ४५० ग्रॅम बीटीचें बीं, आणि पुडींत १२० ग्रॅम साधें, बिनबीटीचें. शेताच्या कडेनें साध्या कपाशीच्या पांच ओळी, किंवा एकंदर क्षेत्राच्या पंचमांश भागांत साधी कपाशी, यांपैकीं जें अधिक होईल तितकें लावावें, अशी अट २००२ मध्यें सरकारनें बीटी कपाशीस परवानगी देतांनाच घातलेली होती. काकांनीं पुडी हातांत घेऊन विचारलें, "मास्तर, हे बारकी पुडी कायले पेराची?" मीं पत्रक वाचलें आणि सांगितलें कीं, बोंडअळीला खावयास मिळावें म्हणून. काका थोडे हंसले. "अळीले खाऊ घालाले बी इकत आणलं काय आपण?"

मला तो युक्तिवाद बिनतोड वाटला. सात पिशव्यांबरोबर आलेल्या सातही पुड्या आम्हीं गोठ्याच्या वळचणीला खोंचून ठेविल्या. पुढल्या वर्षींही तसेंच झालें, आणि त्याच्या पुढल्याही.

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वीं 'शत्रु' आणि 'मित्र' या शब्दांचीच थोडी झडती घेणें अवश्य आहे. ज्या जंतूच्या बळावर बीटी कपाशी उभी आहे, त्याचा इतिहास या दृष्टीनें मोठा उद्बोधक आहे. १९०१ मध्यें जपानांत इशिवाता नांवाचा शास्त्रज्ञ रेशमाच्या किड्यांचा एकाएकीं संहार करणाऱ्या एका रोगाचा शोध करीत असतां त्याला हा जंतु आढळला. रेशीम हें जपानचें धन. तेव्हां मनुष्याशीं या जीवाची पहिली ओळख झाली ती शत्रु म्हणूनच. दहा वर्षांनीं, १९११ मध्यें, जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत बर्लिनर याला तोच जंतु पिठांत होणाऱ्या पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत सांपडला, आणि १९१५ मध्यें त्या प्रांतावरून त्याचें बॅसिलस थुरिंजिएन्सिस असें नामकरण झालें. बीटी हीं त्याच नांवाचीं आद्याक्षरें. पीठ नासविणारी अळी मनुष्याची वैरीण; म्हणून तिला मारणारा जंतु येथें मित्र ठरला. १९३८ मध्यें फ्रान्सांत त्यापासून केलेलें कीटकनाशक विक्रीसही आलें. जंतु तोच आणि त्याचें कर्मही तेंच. एका देशांत तो दरोडेखोर, दुसऱ्या देशांत पहारेकरी.

याहून जुनें उदाहरण इटलींतील आहे. रेशमाचे किडे अंगावर पांढरी पूड चढून मरतात तो रोग एका सूक्ष्म बुरशीपासून होतो, असें आगोस्तिनो बास्सी यानें १८३५ मध्यें सप्रमाण दाखविलें. ती बुरशी त्याच्या नांवावरून ब्यूव्हेरिया बॅसियाना म्हणून ओळखली जाते. आणि इटलींतील रेशीमवाल्यांनीं जिला शिव्याशाप दिले, तीच आज आमच्या तालुक्याच्या दुकानांत पांढऱ्या माशीवर फवारण्यासाठीं विकत मिळते, आणि पाकिटावर 'मित्रबुरशी' असें छापलेलें असतें.

तात्पर्य, मैत्री आणि वैर हे या जीवांचे गुण नव्हेत. ते आपल्या हिशेबाच्या वहींतील रकाने आहेत. म्हणून ते खोटे आहेत असें मात्र मी म्हणत नाहीं. बोंडें किडलीं म्हणजे ज्याच्या घरचें लग्न पुढें ढकलावें लागतें, त्याला अळी ही तत्त्वतः निर्वैर आहे असें सांगणें हा पांडित्याचा निर्लज्जपणा होईल. शत्रु हा शत्रूच. फक्त रकाना आपण आंखला आहे याची आठवण ठेवावी. ती न ठेवली तर ज्या गोष्टी कोणत्याच रकान्यांत बसत नाहींत त्या आपल्या दृष्टीसच पडत नाहींत. अशी एक गोष्ट त्या पुडींत होती.

ती कोणती हें समजण्यासाठीं बीटीचें विष कसें मारतें हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. हा जंतु बीजाणु धरतांना आपल्या अंगांत प्रथिनाचा एक स्फटिक घडवितो. अळीच्या पोटांत तो गेला म्हणजे तिच्या आंतड्यांतील क्षारधर्मी रसांत विरघळतो; त्यांतून मोकळें झालेलें विष आंतड्याच्या पेशींवरील ठराविक जागीं चिकटून तेथें छिद्रें पाडतें; अळी खाणें सोडते आणि मरते. मनुष्याच्या जठरांतील रस आम्ल आहे आणि त्याच्या आंतड्यांत विषाला चिकटण्याजोग्या तशा जागाही नाहींत, म्हणून तें आपणांस बाधत नाहीं. हें प्रथिन घडविणारें जनुक शास्त्रज्ञांनीं कपाशीच्याच देहांत घातलें. १९९६ मध्यें अमेरिकेंत आणि २००२ मध्यें आपल्याकडे अशी कपाशी शेतांत आली. पहिल्या कांहीं वर्षांत तिनें जें केलें तें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. जिच्यावर एकामागून एक जहाल औषधें निकामी होत आलीं होतीं, त्या बोंडअळीसाठीं पंप पाठीवर घेण्याचे प्रसंग पुष्कळच कमी झाले.

परंतु या कपाशीचें सामर्थ्य निम्मेंच कपाशींत होतें. उरलेलें निम्में अळींत होतें. विष मारतें, कारण अळी त्या विषाला वश आहे. अळीची ही वश्यता म्हणजेच शेतकऱ्याचें खरें भांडवल. तें कोणीं पेरलेलें नाहीं, कोणाच्या सात-बारावर तें चढलेलें नाहीं, बियाण्याच्या किंमतींत तें धरलेलें नाहीं. आणि तें खर्च होतें. लक्षावधि अळ्यांत एखादी अशी निपजते कीं तिच्या आंतड्यांतील त्या जागेंत जन्मतःच कांहीं फरक असतो, आणि विष तिला लागत नाहीं. सर्वत्र बीटीच असली तर बाकीच्या मरतात आणि ही उरते. तिच्यापासून झालेल्या पतंगाला जोडीदार मिळतो तोही असाच उरलेला, आणि दोघांची सगळी प्रजा विषाला न जुमानणारी निघते. शेजारीं साध्या कपाशीच्या ओळी असल्या म्हणजे तेथें विषाला वश असे पतंग शेंकड्यांनीं तयार होतात, आणि त्या एखाद्या निबर पतंगाची गांठ बहुधा त्यांच्यापैकीं एकाशीं पडते. प्रतिकाराचा हा गुण बहुधा आईबाप दोघांकडून आल्याशिवाय पुरता प्रकट होत नाहीं. म्हणून अशा जोडप्याचीं पिलें पुन्हां विषानें मरतात. या ओळींना आश्रयपट्टा म्हणतात. पुडी अळीला पोसण्यासाठीं आहे हें मीं काकांना सांगितलें तें खोटें नव्हतें. पण तें अर्धेंच होतें. ती अळीची वश्यता पोसण्यासाठीं होती.

कांहीं किडींच्या बाबतींत हें काम आपोआप झालें. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा नाना पिकांवर जगते, आणि कपाशींत तुरीच्या ओळी टाकण्याची आमच्याकडे जुनी वहिवाट आहे. त्या तुरीनें कोणीं न सांगतां तिच्यापुरता आश्रयपट्टा पुरविला. गुलाबी बोंडअळीची गोष्ट निराळी. १८४३ मध्यें भारतांतून गेलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स यानें जिचें वर्णन केलें, ती ही अळी आपल्याकडे जवळजवळ कपाशीवरच उदरनिर्वाह करते. तिच्या वश्यतेचा सांभाळ करणारें दुसरें पीक नव्हतें. होती ती वळचणीला खोंचलेली पुडी. २००८ मध्यें गुजराथेंत अमरेली भागांतून गोळा केलेल्या गुलाबी अळ्या पहिल्या जनुकाच्या विषाला दाद देईनाशा आढळल्या. दोन जनुकांची कपाशी २००६ मध्यें आलेली होतीच. कांहीं वर्षांत तिचीही तीच गत झाली. २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रभर बोंडें फोडून पाहावींत तों आंत गुलाबी अळी, अशी स्थिति झाली.

हा वांटा राखणें हें कोणत्या जातीचें कर्तव्य? प्रथम दयेचा विचार करूं. मीं एकदां विद्यार्थ्यांपुढें आश्रयपट्ट्याची तुलना आपल्याकडील भूतयज्ञाशीं केली होती. जेवणापूर्वीं वैश्वदेव, गाईला घांस, कावळ्याला बळी. त्याच मालिकेंत अळीला पांच ओळी. व्याख्यान रंगलें, परंतु घरीं परत येतांना तुलना फसवी आहे हें माझें मलाच कळून चुकलें. कावळ्याला घातलेला घांस कावळ्यासाठीं असतो. अळीला दिलेल्या ओळी तिच्या जातीचें मरण शाबूत राहावें म्हणून दिलेल्या असतात. त्यांत अहिंसा शोधणें म्हणजे गळाच्या आमिषांत अन्नदान शोधण्यासारखें आहे. पिकें फस्त करणाऱ्या वानरांचा प्रश्न १९४६ मध्यें गांधीजींसमोर आला, तेव्हां शेती करणाऱ्याला कांहीं हिंसा अटळ आहे हें त्यांनीं लपविलें नाहीं. आपणही तें लपवूं नये. मात्र दोन्ही आचारांत एक धागा समान आहे, आणि तो दयेचा नसून मर्यादेचा आहे. ताटांतील सगळें अन्न माझें नव्हे असें वैश्वदेव सांगतो. वावरांतील सगळ्या ओळी माझ्या नव्हेत असें ती पुडी सांगते.

हीच मर्यादा कीटकशास्त्रानें दुसऱ्या वाटेनेंही शोधून काढली आहे. मावा दिसला कीं फवारा मारावा, ही रीत घातक आहे. किडीचें प्रमाण इतकें वाढावें कीं होणारें नुकसान फवारणीच्या खर्चास भारी ठरूं लागेल, तेव्हांच औषध हातीं घ्यावें, असा विचार १९५९ मध्यें कॅलिफोर्नियांतील कांहीं शास्त्रज्ञांनीं व्यवस्थित मांडला. त्याचें कारण उघड आहे. ढालकिडे आणि क्रायसोपा माव्यावर जगतात. मावा समूळ नाहींसा केला तर ते उपाशीं मरतात, आणि मावा परत येतो तेव्हां पहाऱ्यावर कोणीच नसतें. आपला मित्र शत्रूच्या वांट्यावर जगत असतो. कांहीं वर्षांपूर्वीं पिठ्या ढेकणानें कपाशीवर कहर केला, तेव्हां एक इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी त्याच्या अंगांत अंडीं घालूं लागली आणि तिनें त्याला पुष्कळसें आटोक्यांत आणलें. तिला कोणीं बोलाविलेलें नव्हतें. जेथें फवाऱ्यानें तिला मारलें नाहीं तेथें ती टिकली, इतकेंच.

तेव्हां दया नव्हे. मग हा दूरदर्शी स्वार्थ म्हणावा काय? माझे अर्थशास्त्रज्ञ स्नेही तसें म्हणतात. परंतु कोणाचा स्वार्थ? पतंग कुंपण ओळखीत नाहीं. माझ्या पांच ओळींत वाढलेले वश पतंग गांवभर उडतात. त्यांचा लाभ हजार शेतांत वांटला जातो, आणि तोटा सगळा माझ्या पांच ओळींत राहतो. डेव्हिड ह्यूम यानें १७३९-४० मध्यें प्रसिद्ध केलेल्या मानवस्वभावावरील ग्रंथांत याच जातीचा एक दृष्टांत आहे. दोन शेजाऱ्यांचें सामाईक कुरण दलदलीचें झालें असेल तर तें कोरडें करण्यास ते सहज एकत्र येतात, कारण एकानें अंग काढलें कीं सगळें फसणार हें दोघांनाही दिसतें. तेंच काम हजार माणसांचें असेल तर होत नाहीं. जो तो आपला श्रम आणि खर्च टाळून भार दुसऱ्यावर टाकूं पाहतो. एकट्याच्या स्वार्थाचा हिशेब कितीही दूरवर नेला तरी उत्तर येतें तें काकांचेंच: अळीला खाऊ घालण्यासाठीं बीं विकत आणलें काय?

येथें तर्कशास्त्राच्या अध्यापकाला एक जुनें कोडें आठवणें अपरिहार्य आहे. एक दाणा म्हणजे रास नव्हे. त्यांत एक दाणा घातला तरी रास होत नाहीं. मग कोणत्या दाण्यानें रास होते? माझ्या सात पुड्या पेरल्या असत्या तर गुलाबी अळीचा प्रतिकार एक दिवसानें तरी लांबला असता काय? प्रामाणिक उत्तर, नाहीं. मग मी निर्दोष. याच न्यायानें माझा शेजारी निर्दोष, त्याचा शेजारी निर्दोष. आणि लक्षावधि निर्दोष मनुष्यांनीं मिळून एक अमूल्य वस्तु उधळून टाकली. ही बेरीज जुळत नाहीं. अर्थात् कोठें तरी एक पद चुकलें आहे. मला वाटतें तें 'परिणाम' हें पद होय. माझा दोष माझ्या पुड्यांनीं काय घडलें असतें यावरून मोजावयाचा नसून, मीं स्वतःला कोणती सवलत दिली यावरून मोजावयाचा आहे. इतर सर्वांनीं आश्रयपट्टा राखावा आणि त्या पुण्याईवर माझी कपाशी निरोगी राहावी, एवढीच माझी अपेक्षा होती. हा नियम सर्वांना लागू करा असें मला म्हणतां आलें नसतें. कांटचा ग्रंथ ज्या वर्षीं मी वर्गांत शिकवीत होतों त्याच वर्षीं मीं तो वळचणीला खोंचला.

मग काकांचाही दोष तितकाच काय? येथें कांटची कसोटी मला पुरेशी वाटत नाहीं. पत्रकावरील बारीक अक्षरें त्यांना वाचतां येत नव्हतीं. मला येत होतीं. आश्रयपट्टा कशासाठीं हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. मला एका प्राणिशास्त्राच्या सहाध्यापकाला विचारण्याचाच अवकाश होता, आणि मीं विचारलें नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, दोघांचा त्याग एका मापाचा नव्हता. पंचमांश शेतांतील कांहीं बोंडें किडलीं असतीं तर मला तो तोटा पगाराच्या ओघांत जाणवलाही नसता. त्यांच्या घरीं तो तेलामिठाच्या उधारींत दिसला असता. शत्रूचा वांटा राखावा हा उपदेश खरा आहे. परंतु तो वांटा नेहमीं सर्वांत दुबळ्याच्याच ताटांतून काढावयाचा असेल तर उपदेश करणाऱ्यानें मौन धरलेलें बरें.

अमेरिकेचें उदाहरण पुष्कळदां आपल्यापुढें टाकलें जातें. अॅरिझोनांतील शेतकऱ्यांनीं आश्रयपट्टे राखले, पुढें वंध्य केलेले पतंग आकाशांतून कोट्यवधींनीं सोडले, आणि अमेरिकेंतील कपाशीच्या प्रदेशांतून गुलाबी अळी समूळ गेल्याचें २०१८ मध्यें तेथील सरकारनें जाहीर केलें. एका देशांत अळी संपली आणि दुसऱ्यांत तिनें विष पचविलें, तींही एकाच जंतूच्या देणगीचीं फळें. यावरून तेथील शेतकरी अधिक पुण्यवान असें अनुमान काढण्याची घाई करूं नये. तेथें शेतें मोठीं, शेतकरी मोजके, त्यांच्या संस्था बळकट, आणि खर्चांत सरकार भागीदार. संयमाचा भार तेथें अनेकांनीं मिळून उचलला. आपण तो १२० ग्रॅमच्या पुडींत घालून एकेकट्या कास्तकाराच्या हातांत ठेवला.

पुढें आपल्याकडेही सरकारनें तोडगा काढला. वेगळी पुडी न देतां साधें बीं पिशवींतच मिसळून द्यावयाचें, म्हणजे पेरणारा न कळत आश्रयपट्टाही पेरतो. माझ्या एका मित्राला यांत नीतीचा पराभव दिसतो. निवड गेली म्हणजे सद्गुण गेला, असें तो म्हणतो. मला तसें वाटत नाहीं. विहिरीला कठडा बांधल्यानें पोरांच्या सावधपणाची परीक्षा बुडते, म्हणून कोणी कठडा पाडीत नाहीं. सर्वांचें कल्याण एकेकाच्या सद्गुणाची वाट पाहत ताटकळत ठेवणें, ही नीतीची सेवा नव्हे. मात्र या युक्तींत एक उणीव राहते. जें न कळत घडतें तें न कळत मोडतेंही. आपण कांहीं राखीत आहों हें ठाऊक नसलेला मनुष्य पुढच्या वळणावर तेंच पुन्हां उधळील. शिवाय गुलाबी अळीपुरता हा तोडगा उशिराच आला.

२०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यांत जें घडलें तें वाचकांच्या स्मरणांत असेल. कपाशी पुरुषभर वाढली होती. तींत शिरून फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडोंना रुग्णालयांत ठेवावें लागलें. काकांचा मुलगा त्या शेंकडोंपैकीं एक. तीन दिवस त्याला डोळ्यांनीं धड दिसत नव्हतें. दैवयोगानें तो बरा झाला. त्या फवारण्या केवळ गुलाबी अळीसाठीं नव्हत्या, रस शोषणाऱ्या किडीही होत्या; म्हणून माझ्या सात पुड्या आणि त्याचे डोळे यांच्यामध्यें मी कार्यकारणाची सरळ रेघ ओढीत नाहीं. तर्कशास्त्र ती ओढूं देत नाहीं. पण त्याच्या खाटेपाशीं बसलों असतां तर्कशास्त्राचा मला फारसा आधार वाटला नाहीं, हेंही खरें आहे. काका पलीकडे बसले होते. ते मला कांहीं बोलले नाहींत. बोलण्याजोगें त्यांना कांहीं ठाऊकच नव्हतें. अकरा वर्षांपूर्वींच्या त्या पुडींत काय होतें हें मीं त्यांना प्रथम त्या दिवशीं सांगितलें. त्यांनीं सगळें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "हे तवा काऊन नाही सांगतलं, मास्तर?"

आतां गुलाबी अळीविरुद्ध उरलेले उपाय बहुतेक जुनेच आहेत. डोमकळ्या वेंचून नष्ट करणें, कामगंध सापळे लावणें, निंबोळीचा अर्क फवारणें, तिच्या अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामाचे परोपजीवी कीटक सोडणें. आणि मुख्य म्हणजे हंगाम वेळेवर संपविणें. डिसेंबरानंतरही कपाशीला पाणी देऊन तिच्यापासून आणखी थोडा कापूस काढण्याची जी रीत आहे तिला फरदड म्हणतात. फरदड म्हणजे अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अन्न आणि निवारा. सगळ्या गांवानें वेळेवर शेतें मोकळीं केलीं तर तिची साखळी तुटते. चार शेतांत फरदड राहिली तर ती पुढच्या पेरणीपर्यंत टिकते. म्हणजे प्रश्न फिरून तोच. पूर्वीं सर्वांनीं थोडें शत्रूला द्यावयाचें होतें. आतां सर्वांनीं थोडें शत्रूपासून काढून घ्यावयाचें आहे. आणि दोन्ही वेळां तें थोडें गरिबाच्या घरांतून जातें.

२०१८ सरतांना काकांनीं विचारलें, यंदा फरदड ठेवावी काय? या वेळीं माझ्यापाशीं उत्तर होतें, कारण मला आतां तें किंमतीसह द्यावयाचें होतें. फरदडींतून त्यांच्या वांट्याला जें आलें असतें त्याचा अंदाज आम्हीं दोघांनीं मिळून केला, आणि तें माझ्या अर्ध्यांतून त्यांना द्यावयाचें ठरलें. यांत औदार्य कांहीं नाहीं. ज्याला कळतें आणि ज्याला झेपतें, त्यानें संयमाची किंमत आधीं मोजावी आणि मग संयम सांगावा, एवढाच तो व्यवहार आहे. आणि मला २००६ मध्यें न सुचलेलें उत्तरही एवढेंच होतें.

पैसे ठरल्यावर काका म्हणाले, "अन् बाजूच्या वावरात ठेवली तं?" त्याला मात्र माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही दोघे त्याच संध्याकाळीं शेजाऱ्यांकडे गेलों. पूर्वेच्या शेजाऱ्यानें ऐकून घेतलें आणि पऱ्हाटी उपटण्याचें कबूल केलें. पश्चिमेच्या शेजाऱ्यानें विचारलें कीं, त्याचे पैसे कोण देणार? त्याचें म्हणणें अगदीं रास्त होतें. ह्यूमचे हजार शेजारी अजून फार दूर आहेत. परंतु त्या संध्याकाळीं दोघांचें तरी एकमत झालें, आणि हजारांकडे जाण्याचा दुसरा कोणताही रस्ता मला अद्याप दिसलेला नाहीं.